पिकअपच्या हौद्याचा पत्रा पुन्हापुन्हा सडतोय? नवा पत्रा मारण्याआधी हे तपासा

रत्नागिरीच्या बाजूला आमचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं काम आहे. दिवाळीनंतर ज्या पिकअप शेडवर येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एकच असतं. हौद्याचा पत्रा खालून खाल्लेला, आणि तोही गेल्या-दोन वर्षांत बदललेला. मालक म्हणतो पत्रा हलका लागला, कधी म्हणतो वेल्डरने काम नीट केलं नाही. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा पहिला पत्रा ज्या कारणाने गेला, ते कारण तसंच ठेवून दुसरा मारलेला असतो. हौद्याचं आयुष्य सगळ्यात जास्त कमी करते ती साचून राहिलेली ओल. मालाच्या आपटण्याने पडणारे पोचे आणि ओरखडे त्या मानाने सुसह्य. ओल कुठे थांबते ते शोधायला पैसे लागत नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

लक्षणं

सगळ्या खुणा सारख्या गंभीर नसतात. क्रेट ओढून ओढून जमिनीचा रंग पट्ट्यापट्ट्यांत उडालाय आणि पत्रा चकाकतोय, ही नुसती झीज आहे. चकाकणारं लोखंड धडधाकट असतं. तोच पट्टा तपकिरी पडून खरखरीत व्हायला लागला की लक्ष घाला.

कोपऱ्यात, केबिनच्या मागच्या भिंतीच्या तळाशी आणि चाकाच्या वर रंगाला फोड आलेत. हा खरा गंज. लोखंड गंजलं की मूळ जागेच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि वरचा रंग उचलतं. बाहेर आठ आण्याएवढा फोड दिसत असेल तर रंगाखाली तळहाताएवढा भाग खराब झालेला असू शकतो.

गाडी धुऊन एक रात्र गेली तरी खालच्या चॅनेलच्या, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, कडेने तांबूस पाणी ठिबकतं. खताच्या किंवा सिमेंटच्या गोणींचे तळ ओले निघतात, त्यांवर तांबूस डाग पडतात. हौद्यात चाललं की एखाद्या जागी पत्रा पायाखाली दबतो आणि सोडल्यावर 'टॉक' करून वर येतो. मागचा फाळका लाथ मारल्याशिवाय बसत नाही, खड्ड्यात वाजतो.

आणि शेवटची खूण: केबिन आणि हौदा यांच्यातली फट एका बाजूला कमी दिसते, वळणावर खालून करकर येते. ही असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा.

मॅट उचला, पाणी ओता

सगळ्यात सोपी तपासणी, आणि सगळ्यात कमी लोक करतात ती. हौद्यात जे काही अंथरलंय ते पूर्ण काढा. नुसती कड उचलून डोकावू नका, गाडीबाहेर काढा. मासळीच्या गाडीची मॅट उचलली की खाली खवले, बर्फाचं पाणी आणि भुसा मिळून झालेला काळा चिखल दिसतो. तो खरवडला की गंजाचे थर खारी बिस्किटासारखे सुटून येतात. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या गाडीत लाल माती दबून दबून घट्ट बसलेली असते आणि चार दिवस ऊन पडलं तरी तिच्या तळाशी ओल असते.

झाडून झालं की गाडी सपाट जागेवर लावा, फाळका बंद करा आणि केबिनच्या बाजूने दोन बादल्या पाणी ओता. मग बघत उभे राहा. पाणी कुठे जातं, कुठे अडतं, दहा-पंधरा मिनिटांनी कुठे डबकं उरतं? त्या डबक्याभोवती खडूने रेघ मारा. पुढच्या तपासण्या त्या रेघेच्या आत करायच्या आहेत.

डबकं निचऱ्याच्या भोकाजवळ असेल तर भोक तुंबलंय. तार घालून मोकळं करा, खालूनही करा, कारण वरून ढकललेला गाळ चॅनेलच्या आतच अडकून बसतो. डबकं दोन चॅनेलच्या मधे असेल तर तिथे पत्रा खाली बसलाय. उथळ पोचा असेल तर खालून लाकडी ठोकळा लावून हातोडीने वर काढता येतो. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा. पोचा निघतच नसेल तर त्याच्या सगळ्यात खोल जागी 10-12 मिलिमीटरचं भोक पाडा. त्याआधी खाली वायरिंग, ब्रेकची पाइप किंवा टाकी नाही ना ते डोळ्यांनी बघा. भोकाची कड घासून तिला प्रायमर लावा, नाहीतर गंज त्या कडेपासूनच सुरू होईल.

मासळीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. खारं, बुळबुळीत पाणी रस्त्यावर सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. म्हणून पुष्कळ जण भोकं बुजवतात आणि फाळक्याला रबर पट्टी लावतात. हेतू चांगला आहे, पण त्यामुळे हौद्याची टाकी होते. भोकं बुजवू नका. त्यांना नळी आणि कॉक जोडा, पाणी डब्यात घ्या आणि बंदरावरून निघण्याआधी डबा योग्य जागी रिकामा करा. रस्ता कोरडा राहतो आणि हौदाही.

धुणं

गोड्या पाण्याने धुणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि मीठ किंवा खत वाहणाऱ्यांना तो टाळताच येणार नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, क्षार पत्र्यावर राहतात. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या पुढे गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. किनारपट्टीवर अशा रात्री काही कमी नसतात. म्हणजे पाऊस नसताना, गाडी शेडमध्ये उभी असतानाही पत्रा ओला असतो. युरियाही असंच पाणी ओढतो. लाल किंवा पांढरी पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही लोखंडाला मिठासारखंच खातं. त्यामुळे 'आम्ही मासळी भरत नाही' म्हणून खतवाल्यांनी निर्धास्त राहू नये.

धुताना क्रम महत्त्वाचा. आधी कोरडं झाडा, विशेषतः खत सांडलं असेल तर. मग वरून धुवा. मग खालून चॅनेलच्या आत, सांध्यांत आणि चाकांच्या वर पाण्याचा फवारा मारा. वरचं धुतलेलं खारं पाणी खालच्या सांध्यांत उतरतं, आणि खालून धुतलं नाही तर तिथेच बसतं. नंतर फाळका उघडा ठेवून गाडी वाळू द्या.

काही वॉशिंग सेंटरवर डाग चटकन जावेत म्हणून ॲसिड वापरतात. पत्रा पाच मिनिटं लखलखीत दिसतो, पण सांध्यात गेलेलं ॲसिड धुऊन निघत नाही. आपल्या गाडीला ते लावू देऊ नका.

अंथरलंय काय?

मॅट पत्र्याला मारापासून वाचवते आणि ओलीत कुजवतेही. कुठलं अंथरूण आहे आणि ते कसं बसवलंय, यावर सगळं आलं.

गोणपाट, जुनी सतरंजी, थर्माकोल हे आजच काढून टाका, ते पाणी धरून ठेवतात. खाणीतल्या कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा मारासाठी उत्तम, चिरे आणि खडी वाहणाऱ्यांना मी तोच सांगतो. पण तो जड असतो. 10 मिलिमीटर जाडीचा पट्टा चौरस मीटरला 11-12 किलो भरतो. म्हणून कोणी तो उचलत नाही, आणि खालचं सडणं कोणाला दिसत नाही. तो एका माणसाला उचलता येईल अशा दोन-तीन तुकड्यांत कापून घ्या. सपाट बेल्टपेक्षा खालून खाचा असलेली रबर मॅट बरी, कारण खाचांतून पाणी वाहतं. मॅट पत्र्याला भोकं पाडून बोल्टने आवळू नका. असा प्रत्येक बोल्ट म्हणजे गंजाला नवी वाट. बाजूच्या कड्यांना दोरीने बांधली तरी ती हलत नाही.

यंत्रं, सळया, लोखंडी पाइप असा टोकदार माल असेल तर खाली फळ्या घाला आणि त्या गाडीच्या लांबीत ठेवा. हौद्याखालची चॅनेल आडवी असतात. उभी फळी दोन-तीन चॅनेलवर वजन वाटते, आडवी ठेवली तर दोन चॅनेलच्या मधल्या पत्र्यावरच सगळा भार येतो. चिरे उतरवताना पहिला चिरा जिथे आपटतो तिथे जुना टायर टाका. हमालांनाही तेच सोयीचं जातं.

डबल केबिन पिकअपला जे तयार प्लास्टिकचे लायनर बसवतात त्यांना वरचं सगळं लागू आहे. लायनर थरथरत राहतो, खाली गेलेली वाळू रंग घासते आणि पाणी आत अडकतं. वर्षातून निदान दोनदा तो काढून खाली धुवा.

हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर

आता खडूच्या रेघेच्या आत लहान हातोडीने हलके ठोके मारत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. नुसती खपली निघाली आणि खाली कठीण लोखंड लागलं तर रंगकामावर भागेल. टोक आत गेलं तर तो भाग कापून बदलायला लागणार. हा फरक स्वतः बघून ठेवलात तर शेडवर गेल्यावर कोणी तुम्हाला गरज नसलेलं काम सांगू शकणार नाही, आणि गरज असलेलं काम तुम्हीही टाळणार नाही.

जुनी गाडी घेताना सोबत साधं लोहचुंबक ठेवा. ते सरकवत नेताना मधेच पकड सुटली तर तिथे पुटी भरून रंग मारलाय. हौद्याच्या जमिनीत पुटीला काहीही काम नाही, पहिल्या भारालाच ती तडकते.

फाळका, कड्या, साखळ्या

फाळका नीट बसत नसेल तर आधी बिजागरीची पिन बघा. पिन आणि बुश झिजले की फाळका खाली उतरतो आणि खटका जागेवर येत नाही. पिन-बुश बदलणं किरकोळ काम आहे. ते टाळून लाथा मारत राहिलं तर फाळक्याची चौकट वाकते आणि मग खर्च वाढतो. साखळ्यांवर जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवा, रंग घासला जाणार नाही. फाळक्याच्या खालच्या दुमडीत माती भरते, ती बोटाने काढा. फाळका सडतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

रंगकाम

स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत जात नाही, पण गंज आहे, अशा जागेसाठी हे. एप्रिल-मे महिन्यात करा. पावसाळ्यात दमट पत्र्यावर मारलेला रंग महिनाभरही टिकत नाही.

आधी गोड्या पाण्याने धुवा, मग घासा. उलटं केलंत तर मीठ पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत दाबलं जातं. तारेचा ब्रश नुसत्या खपल्या काढायला ठीक, पण तो गंजालाच चकाकी आणतो आणि पत्रा स्वच्छ झाल्याचा भास होतो. खालचं पांढरट लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून घासा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि गंजाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क. घासलेली जागा एका रात्रीत पुन्हा तांबूस झाली तर बहुतेक मीठ उरलंय. पुन्हा धुवा, वाळवा, घासा.

त्यानंतर प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी कामाला लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. प्रायमरचं काम पकड धरणं. पाणी अडवायला वर रंग हवाच. हौद्याच्या जमिनीला मी एपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग सुचवतो. एपॉक्सी उघड्यावर ठेवला तर उन्हाने भुकटतो, म्हणून वरचा हात टाळू नका. झिंक प्रायमर चांगला, पण तो नितळ लोखंडावरच काम करतो, गंजावर मारला तर पैसे वाया. खोल खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा घट्ट थर करणारं रसायन) लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. पॉलियुरियाचा, म्हणजे रबरासारखा थर धरणाऱ्या प्लास्टिकचा, जाड फवारा मोठ्या शहरांत करून मिळतो. मारालाही टिकतो, पण खालचा पत्रा शंभर टक्के स्वच्छ नसेल तर गंज त्या सालीखाली निवांत वाढतो आणि दिसतही नाही.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे सीलंट भरा, आणि तेही प्रायमर वाळल्यावर. खालून काळं अंडरबॉडी कोटिंग मारायचं असेल तर तोच नियम: गंजावर मारलं तर ओल आत कोंडली जाते. जुनं इंजिन ऑइल खालून फवारणारेही आहेत. त्याने रबरी बुश आणि होज फुगतात, धूळ चिकटते, धुतल्यावर ते जमिनीत जातं. करू नका.

चेकर प्लेटचा मोह

"दादा, वरून एक चेकर प्लेट मारून द्या, कटकट नको." हे वाक्य मी सतत ऐकतो आणि सडक्या पत्र्यावर ही उठावदार नक्षीची जाड प्लेट मारायला नकार देतो. खालचा गंज थांबत नाही, उलट दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरायला नवी जागा होते. वेल्डही धरत नाही, कारण सडका पत्रा वेल्डिंगच्या आचेने जळून भोक पडतं. शिवाय वजन. साधारण 9 फूट बाय साडेपाच फूट हौदा म्हणजे 4.6 चौरस मीटर. 3 मिलिमीटरची लोखंडी चेकर प्लेट चौरस मीटरला 25 किलोच्या आसपास, म्हणजे 115 किलो तुम्ही कायमचे गाडीत भरले. दोन-सव्वादोन गोण्या सिमेंट प्रत्येक फेरीला कमी. हलकी म्हणून ॲल्युमिनियमची प्लेट थेट लोखंडावर बसवली आणि मधे खारं पाणी गेलं तर दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. मधे रबराचा थर हवा.

चेकर प्लेट वाईट नाही. जुना पत्रा कापून काढून, चॅनेल साफ करून, त्यांना रंग देऊन वर मारलेली प्लेट चिरे वाहणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं साथ देते. मासळीला किंवा भाजीला ती लागत नाही, 16 गेजचा म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटरचा पत्रा पुरतो. खत-सिमेंटला 14 गेज, म्हणजे 2 मिलिमीटर.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर हातातलं काम ठेवा आणि जाणकार बॉडी बिल्डरकडे किंवा कंपनीच्या वर्कशॉपला गाडी न्या.

आडव्या चॅनेलमध्ये स्क्रू ड्रायव्हर जातोय. पत्रा हा फक्त वरचा भाग, भार पेलतात ती चॅनेल. एक चॅनेल गेलं की त्याचा भार शेजारच्यावर येतो. अशा गाडीत माल भरू नका.

हौदा चासीला (गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्याला) धरणारे बोल्ट ढिले आहेत, त्यांच्याभोवतीचा पत्रा फाटलाय किंवा मधलं लाकडी वा रबरी पॅकिंग कुजलंय. फट बदलण्याची आणि करकरण्याची जी खूण वर सांगितली, तिचं मूळ इथे असतं. ढिला बोल्ट आवळून बघायला हरकत नाही. पण आवळल्यावर पुन्हा सैल झाला तर खाली काहीतरी तुटलंय.

चासीवर चीर किंवा खोल गंज. चासीला घरी किंवा रस्त्याकडेच्या वेल्डरकडून टाका मारून घेऊ नका, तिच्या कडांना भोकंही पाडू नका. त्या आचेने शेजारचं लोखंड कमजोर होतं आणि चीर पुढे सरकते.

वेल्डिंगच्या जागेजवळ डिझेलची टाकी, सीएनजीचं सिलिंडर किंवा त्याची पाइप, ब्रेकची पाइप. सीएनजी गाडी असेल तर वेल्डिंगला हात लावण्याआधी अधिकृत माणसाकडून ती सुरक्षित करून घ्यायलाच हवी. इथे घाई केली तर जीव जातो.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं, कंपनीने सांगितलं असेल तर ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर सोडवणं आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावणं, हे न करणाऱ्याला गाडी देऊ नका. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो.

आणि पत्रा बदलताना 'जरा फाळके उंच करून टाकू' हा विचार आला तर आधी आरटीओकडे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही यावर अडू शकतो.

शेडवर गाडी दिल्यावर

जुना पत्रा काढल्यानंतर आणि नवा बसवण्याआधी एकदा स्वतः जा. उघडी चॅनेल बघायची ती एकच वेळ असते. फोटो काढून ठेवा. चॅनेलच्या वरच्या बाजूला, जिथे पत्रा टेकणार आहे तिथे, प्रायमर लागलाय का बघा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरला असेल तर वेल्डच्या रेषेवर जस्त जळून गेलेलं असतं, तिथे झिंक प्रायमर मारून घ्या. जस्ताचा धूर वेल्डरला तापासारखा त्रास देतो, म्हणून ते काम उघड्यावर होऊ द्या. गाडी ताब्यात घेताना नव्या पत्र्याला निचऱ्याची भोकं पाडलीत का ते मोजा आणि पैसे देण्याआधी शेडवरच पुन्हा दोन बादल्या पाणी ओता. डबकं राहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा, कोणताही चांगला कारागीर त्याला नाही म्हणणार नाही.